पावसाआधीची सुई

जुलैच्या मध्यावर सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. भिंतीला टेकवलेल्या ओल्या छत्र्या, बाकांवर अंग चोरून बसलेली माणसं आणि सगळीकडून येणारा खोकला. टेबलामागे रेसिडेंट डॉक्टर बसलेले असतात. त्यांच्या शेजारी उभा असतो इंटर्न, वय वर्षं तेवीस-चोवीस. ज्या रुग्णाची फ्लूची तपासणी करायची ठरते, त्याच्या घशाचा स्वॅब घेण्याचं काम पुष्कळदा याच्याकडे येतं. "आजी, आ करा. अजून मोठा," असं म्हणत तो जिभेवर लाकडी पट्टी दाबतो आणि लांब दांडीचा बोळा घशाच्या मागच्या भिंतीवरून फिरवतो. आजींना उबळ येते, मागोमाग खोकला येतोच. त्या क्षणी दोन चेहऱ्यांमध्ये जेमतेम हातभर अंतर असतं. मग बोळा गुलाबी द्रवाच्या छोट्या नळीत बुडवायचा, दांडी मोडायची, झाकण घट्ट लावायचं, नाव लिहिलेली पट्टी चिकटवायची आणि नळी बर्फाच्या डब्यात ठेवायची. तोवर पुढचा रुग्ण समोर आलेला असतो.

या इंटर्नला फ्लूचा विषाणू नीट माहीत आहे. दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्रात त्याने त्याची आकृती काढली आहे, आठ तुकड्यांत विभागलेला आरएनए, पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज हे दोन प्रथिनांचे काटे, सगळं. खोकल्याच्या एका उबळीतून काय बाहेर पडतं हेही तो जाणतो. पण त्याला विचारलं, "तू स्वतः फ्लूची लस घेतलीस का?" तर बहुधा तो आधी हसतो.

"मला कुठे फ्लू होतो?" हे पहिलं उत्तर. "घेतली की उलट तापच येतो म्हणतात," हे दुसरं. "दर वर्षी घ्यावी लागते ना? कोण लक्षात ठेवणार?" हे तिसरं. "हॉस्टेलवर तर सगळ्यांनाच सर्दी असते," हेही असतंच. आणि थोडा वेळ बोलत राहिलं की सगळ्यात खरं उत्तर येतं: "आम्हाला कुणी विचारलंच नाही."

जगभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहण्यांतून थोड्याफार फरकाने हीच उत्तरं येत राहतात. मला धोका नाही, लशीचा भरवसा नाही, वेळ मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१४ मध्ये लस टाळण्यामागच्या कारणांची अशीच तीन घरं आखली: विश्वास कमी असणं, बेफिकिरी आणि सोय नसणं. आपल्याकडे या प्रश्नावर बोलताना पहिल्या दोन घरांवरच सगळी चर्चा अडते. तिसऱ्या घराकडे कुणी फारसं पाहत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

एमबीबीएसला प्रवेश घेतल्यावर विद्यार्थ्याला हिपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का, हे विचारलं जातं. तो तीन डोस पूर्ण करतो, काही जण नंतर रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळीही तपासून घेतात. कारण सुई टोचण्याची भीती डोळ्यांना दिसते. बोटावर रक्ताचा थेंब आला की रात्रभर झोप लागत नाही. खोकल्यातून आलेला विषाणू मात्र दिसत नाही, टोचत नाही, आणि दोन दिवसांनी कणकण आली तर ती जागरणाच्या आणि पावसात भिजण्याच्या खात्यावर जमा होते.

पुण्यातल्या डॉक्टरांना तरी फ्लूची आठवण करून द्यायची गरज नसावी. ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू याच शहरात झाला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतरच्या दिवसांत नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, औषधांच्या दुकानांतून संपलेले मास्क, बंद पडलेल्या शाळा आणि सिनेमागृहं, धास्तावलेला गणेशोत्सव, हे सगळं आज चाळिशीला आलेल्या पुणेकर डॉक्टरांनी विद्यार्थी म्हणून पाहिलं आहे. त्याच ऑगस्टमध्ये शहरात पस्तिशीतला एक डॉक्टरही स्वाइन फ्लूने दगावला.

मग लस आली. २०१० च्या सुरुवातीला केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी परदेशातून सुमारे १५ लाख मात्रा मागवल्या. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची देशी लस बाजारात आली आणि जुलैमध्ये पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची नॅसोव्हॅक आणली. म्हणजे ज्या शहराने देशातला पहिला बळी दिला, त्याच शहरात वर्षभराच्या आत लस तयार झाली. असं असूनही आयात केलेल्या मात्रा घ्यायला आरोग्य कर्मचाऱ्यांनी फारसा उत्साह दाखवला नाही. साथ ओसरत होती, लस नवी होती, आणि "आधी दुसऱ्यांना घेऊ दे" ही वृत्ती पांढऱ्या कोटालाही सुटत नाही.

याच राज्यात, एका वैद्यकीय महाविद्यालयात, एकेकाळी नेमकं याच्या उलट घडलं होतं. ऑक्टोबर १८९६ मध्ये शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन प्लेगवर लस शोधण्यासाठी मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तीन महिन्यांत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तिची पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मात्रा १० सी.सी.ची होती, पुढे इतरांना देण्यात आलेल्या मात्रेच्या तिप्पट-चौपट. ताप आला, टोचलेली जागा दुखली. पण पहिला दंड आपला, मग रुग्णाचा, हा क्रम त्यांनी मोडला नाही. मुंबईत वैद्यकी शिकणाऱ्या प्रत्येक पिढीला त्या व्हरांड्याचा हा वारसा मिळाला आहे. आज तो फक्त परळच्या हाफकिन संस्थेच्या नावात उरल्यासारखा वाटतो.

फ्लूशी मुंबईचं नातंही जुनं आहे. १० जून १९१८ रोजी शहरातले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर तैनात होता. ताप हिवतापाचा नव्हता. पावसाळ्यात ती साथ सौम्य वाटली, पण सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेने शहराची दैना केली. ६ ऑक्टोबरला एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसं नेली. फार करून कुणाचे प्राण गेले? विशीतल्या, तिशीतल्या धडधाकट माणसांचे. "मला कुठे फ्लू होतो" म्हणणाऱ्यांच्या वयाच्या माणसांचे.

पण १९१८ ची गोष्ट सांगून आजच्या विद्यार्थ्याला घाबरवता येत नाही, आणि तसं करूही नये. त्याच्या समोरचे आकडे जवळचे हवेत. २०१५ मध्ये देशात एच१एन१ चे, म्हणजे स्वाइन फ्लूचे, ४२ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि २,९९० मृत्यू झाले. त्यांपैकी महाराष्ट्रातले मृत्यू ९०५. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, राज्यात पुन्हा ७७८ जण गेले. हे फक्त तपासणी होऊन नोंदले गेलेले. आणि मार्च २०२३ मध्ये अहमदनगरला एमबीबीएस शिकणारा एक तरुण दगावला. त्याच्या तपासणीत एच३एन२ आणि कोविड दोन्ही सापडले होते, त्यामुळे सगळा दोष एकट्या फ्लूवर टाकता येत नाही. पण त्याचं वय, त्याचा अभ्यासक्रम आणि त्याचा पांढरा कोट, यांतलं काहीच या इंटर्नपेक्षा वेगळं नव्हतं.

'मला होत नाही' या उत्तराची सगळ्यात चोख तपासणी ग्लासगोत झाली. १९९३-९४ च्या हिवाळ्यात तिथल्या रुग्णालयांतल्या ५१८ कर्मचाऱ्यांचं रक्त हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासलं गेलं. लस न घेतलेल्या या माणसांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला, म्हणजे १२० जणांना, फ्लूचा संसर्ग होऊन गेल्याचं प्रतिपिंडांनी दाखवलं. पण त्यांतल्या ५९ टक्क्यांना आपल्याला फ्लू झाल्याचं आठवत नव्हतं. २८ टक्के तर म्हणाले, आम्हाला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच काही जाणवलं नव्हतं. त्या दिवसांत ती वॉर्डात उभी होती, नाडी पाहत होती, उशा सारख्या करत होती.

वैद्यकीय विद्यार्थ्याने हा एक अभ्यास मन लावून वाचावा. 'मला फ्लू होत नाही' या वाक्याचा खरा अर्थ 'मला फ्लू झालेला कळत नाही' असा निघू शकतो. लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून माणूस विषाणू बाहेर टाकू लागतो. सकाळच्या राउंडला ठणठणीत असलेला विद्यार्थी संध्याकाळी तापाने फणफणतो, आणि मधल्या वेळात त्याने केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला असतो, आठव्या महिन्याच्या बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं चाचपलेलं असतं.

मग ताप आल्यावर तरी तो घरी राहतो का? फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात केलेली एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ९५ टक्के डॉक्टर आणि वैद्यकीय व्यावसायिकांनी मान्य केलं की आजारी असताना कामावर येणं रुग्णांना धोक्याचं आहे. त्याच मंडळींपैकी ८३ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात निदान एकदा तरी तसं केलं होतं. सहकाऱ्यांवर भार पडेल, रुग्णांची आबाळ होईल, लोक काय म्हणतील, ही कारणं. आपल्याकडे त्यात हजेरीची भर पडते. तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. पॅरासिटामॉल घेऊन वॉर्डात उभं राहणं ही आपल्या वैद्यकीय शिक्षणात शिस्त समजली जाते. मोठे डॉक्टरही तेच करतात, आणि विद्यार्थी पुस्तकापेक्षा त्यांच्याकडून जास्त शिकतो.

आता लशीचा भरवसा. इथे खरं बोलायला हवं, कारण पुष्कळ प्रचारकांनी इथेच विद्यार्थ्यांचा विश्वास गमावला आहे. फ्लूची लस गोवराच्या लशीसारखी नाही. विषाणू आणि लस यांचं गोत्र नीट जुळलेल्या हंगामात ती आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते, आणि जुळलं नाही तर त्याहून कमी. कारण विषाणू आपले काटे सारखे थोडे थोडे बदलत राहतो. १९४३ मध्ये थॉमस फ्रान्सिस आणि जोनास सॉक यांनी अमेरिकेत विद्यापीठांतून शिकणाऱ्या हजारो सैनिकांवर पहिली मोठी चाचणी घेतली तेव्हा लस झकास चालली होती. १९४७ मध्ये तीच लस सपशेल पडली. विषाणू पुढे निघून गेला होता. तेव्हापासून जगाला कळलं की या आजाराचा माग दर वर्षी काढावा लागेल. १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी प्रयोगशाळांचं जाळं उभारलं. भारतातली त्याची मुख्य गाठ म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते विषाणू घालायचे हे ठरतं. म्हणजे कुठल्याशा ओपीडीत आजींच्या घशातून काढलेला बोळा पुढच्या वर्षीच्या लशीच्या निर्णयात आपला वाटा उचलत असतो. तो बोळा घेणारा इंटर्न लशीच्या साखळीच्या पहिल्या कडीशी उभा आहे, आणि शेवटच्या कडीशी त्याचा स्वतःचा दंड आहे. मधलं अंतर त्याला कुणी दाखवलेलं नाही.

या नजर ठेवण्याचं एक फळ अलीकडेच दिसलं. फ्लूचा बी/यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडला नाही. कोविडच्या मास्कांनी आणि टाळेबंदीने त्याची वाटच बंद केली असावी. म्हणून आता चार विषाणूंच्या लशीतून एक वगळून ती पुन्हा तीन विषाणूंची केली जात आहे.

तरुण, निरोगी डॉक्टरांत ही लस कशी चालते, याचं उत्तरही आहे. बाल्टिमोरच्या दोन मोठ्या शिक्षण रुग्णालयांत १९९२ पासून सलग तीन हंगाम चाचणी झाली. भाग घेणारे २६४ जण, सरासरी वय अठ्ठावीसच्या घरात, त्यांतले तीन चतुर्थांश रेसिडेंट डॉक्टर. निम्म्यांना फ्लूची लस, निम्म्यांना दुसरीच एखादी लस किंवा नकली सुई. फ्लूची लस न मिळालेल्या गटात संसर्गाचं प्रमाण १३ टक्क्यांवर गेलं, लस घेतलेल्यांत ते २ टक्क्यांच्याही खाली राहिलं. ते हंगाम विषाणू आणि लस चांगले जुळल्याचे होते, दर वर्षी असं घडत नाही. पण तरुण शरीर लशीला चांगला प्रतिसाद देतं हे त्यातून स्पष्ट होतं. मेडिसिन वॉर्डातल्या सत्तरीच्या आजींना लस दिली तरी त्यांचं शरीर तितकी प्रतिपिंडं तयार करत नाही. त्यांचं रक्षण काही अंशी त्यांच्या खाटेशी उभ्या राहणाऱ्या तेविशीच्या मुलाच्या प्रतिपिंडांवर अवलंबून राहतं.

इथेही जपून बोलावं. कर्मचाऱ्यांनी लस घेतल्याने रुग्णांचे मृत्यू किती कमी होतात, यावर संशोधकांत वाद आहे. स्कॉटलंडमधल्या वृद्धांच्या रुग्णालयांतल्या अभ्यासांनी मृत्यू चांगलेच घटल्याचं दाखवलं. नंतर काही तज्ज्ञांनी त्या अभ्यासांची छाननी करून सांगितलं की हे आकडे खरे वाटण्यापलीकडे मोठे आहेत. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानेही पुरावा कच्चा ठरवला. हा वाद विद्यार्थ्यांपासून लपवायचं काहीच कारण नाही. उलट पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकाच्या, तासाला तोच शिकवावा. पुराव्याचं वजन करायला शिकलेल्या मुलापुढे लशीची नुसती आरती ओवाळली की तो मनातून उठून जातो. फायदा किती मोठा याबद्दल मतभेद आहेत. संसर्ग कमी होतो याबद्दल नाहीत. दीर्घ आजाऱ्यांच्या वॉर्डात उभं राहणाऱ्याला एवढं कारण पुरायला हवं.

'लस घेतली की फ्लू होतो' या समजुतीचा निकाल तर कधीच लागला आहे. आपल्याकडे टोचली जाणारी लस निष्क्रिय केलेल्या विषाणूची असते. ती फ्लू देऊच शकत नाही. मिनेसोटात १९९४ च्या हंगामात आठशेहून अधिक कामकरी माणसांवर चाचणी झाली. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं पाणी. ताप, डोकेदुखी, अंगदुखी दोन्ही गटांत सारखीच निघाली. वेगळा निघाला तो फक्त दंड. लस घेतलेल्या ६४ टक्क्यांचा दंड दुखला, पाणी टोचलेल्यांत २४ टक्क्यांचा. उरला गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचा धोका. १९७६ मध्ये अमेरिकेत घाईघाईने साडेचार कोटी लोकांना स्वाइन फ्लूची लस दिली गेली, तेव्हा दर लाखामागे साधारण एक जादा रुग्ण आढळला आणि मोहीम थांबवावी लागली. त्यानंतरच्या हंगामी लशींत हा धोका दिसला तेव्हा दहा लाखांमागे एक-दोन इतकाच होता. फ्लूचा आजार स्वतःच त्याहून अधिक वेळा हा विकार जडवतो.

हे सगळं विद्यार्थ्याला माहीत नाही असं नाही. माहीत नसलं तरी सांगितल्यावर पटायला पाच मिनिटं लागतात. पण पटल्यावर तो उठून लस घ्यायला कुठे जाणार?

पीएसएमच्या तोंडी परीक्षेला राष्ट्रीय लसीकरणाचा तक्ता विचारतात. बीसीजी जन्मतः, पेंटा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, एमआर नऊ महिन्यांनी. शीतपेटीचं तापमान दोन ते आठ अंश. कुपीवरच्या खुणेचा रंग कधी बदलला की लस टाकून द्यायची. मुलं हे झोपेतही सांगतात. त्या तक्त्यात फ्लूची लस नाही, कारण ती राष्ट्रीय कार्यक्रमात नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये पुढाकार घेऊन गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना ती मोफत द्यायला सुरुवात केली, हे राज्याला भूषणावह आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस द्यावी असं म्हटलं आहे. पण विद्यार्थी कोण? तो रुग्ण नाही, म्हणून जोखमीच्या यादीत नाही. तो पगारी नोकर नाही, म्हणून कर्मचाऱ्यांच्या यादीतही त्याचं नाव पुष्कळदा नसतं. वॉर्डातल्या सिस्टर, मामा, मावशी यांची नोंद कुठल्या ना कुठल्या रजिस्टरात असते. दर पंधरा दिवसांनी पोस्टिंग बदलणाऱ्या या पोरांची नोंद फक्त हजेरीपटात. मग लस घ्यायची तर बाहेर, दीड-दोन हजार रुपये मोजून. घरून महिन्याचे पैसे येतात, मेसचं बिल असतं, पुस्तकं असतात. या खर्चासाठी आईबाबांना फोन करणारा विद्यार्थी विरळा.

श्रीनगरच्या मोठ्या शिक्षण रुग्णालयातल्या चौदाशेहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यापैकी आयुष्यात कधीही फ्लूची लस घेतलेले फक्त ४.४ टक्के निघाले. सगळ्यात जास्त लोकांनी दिलेलं कारण भीतीचं किंवा अविश्वासाचं नव्हतं. लस इथे मिळते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्याखालोखाल कारण होतं कामाची घाई.

अमेरिकेतल्या रुग्णालयात काही आठवडे निरीक्षणासाठी, इलेक्टिव्हसाठी जाणारे आपल्याकडचे विद्यार्थी आहेत. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेचा लसीकरणाचा एक अर्ज असतो. त्यात गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिसच्या जोडीला फ्लूच्या लशीची तारीख विचारलेली असते. अर्ज हातात पडला की मुलगा दुसऱ्या दिवशी लस टोचून येतो. शंका, भीती, विस्मरण सगळं एका चौकोनापुढे विरून जातं. ज्या परदेशी रुग्णाला तो महिनाभर पाहणार आहे, त्याच्यासाठी लस घेतो. ज्या आजींना तो वर्षभर पाहतो, त्यांच्यासाठी कुणी चौकोनच छापलेला नाही.

सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना फ्लूची लस सक्तीची केली. तोवर निम्म्याच्या आसपास असलेलं प्रमाण पहिल्याच वर्षी ९७ टक्क्यांच्या पुढे गेलं. परिचारिकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं, आणि वॉर्डातल्या परिचारिकांना लशीऐवजी हंगामभर मास्क वापरायची मुभा द्यावी लागली. इंग्लंडमध्ये, जिथे कितीतरी मराठी डॉक्टर काम करतात, सक्ती नाही. तिथे २०२०-२१ च्या हंगामात तीन चतुर्थांशांहून अधिक आघाडीच्या कर्मचाऱ्यांनी लस घेतली आणि कोविडची धग कमी झाल्यावर तीन वर्षांत ते प्रमाण निम्म्याखाली आलं. भीती गेली की उत्साहही जातो. म्हणून नुसत्या आवाहनावर विसंबता येत नाही.

पण आपल्याकडे सक्तीची भाषा इतक्यात नको. जी वस्तू अजून समोर ठेवलीच नाही, ती घेत नाही म्हणून कुणाला दंड करायचा? १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस आली तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचीही नावं यादीत चढली. त्यांना संदेश गेला, दिवस ठरला, खोली ठरली, टोचून झाल्यावर अर्धा तास बसायला खुर्ची मिळाली. काहींनी आधी वाट पाहिली, पण शेवटी बहुतेकांनी लस घेतली. विद्यार्थी तेच होते, महाविद्यालयंही तीच. फरक होता तो यादीचा आणि खुर्चीचा.

करायचं आहे ते अवघड नाही. क्लिनिकल पोस्टिंग सुरू करणाऱ्या आणि इंटर्नशिपला लागणाऱ्या प्रत्येक तुकडीची यादी करावी. लस महाविद्यालयाच्या खर्चाने घ्यावी. विद्यार्थ्यांना कुठे बोलावू नये, लसच वॉर्डात आणि लेक्चर हॉलमध्ये न्यावी. अर्ध्या मिलिलिटरची भरलेली पिचकारी, दंडाचा स्नायू, दहा सेकंदांचं काम. टोचायला तिसऱ्या वर्षाची मुलंच पुढे यावीत, हात बसेल आणि मित्राच्या दंडाला सुई लावताना मनातली भीतीही जाईल. आणि सगळ्यात आधी युनिटच्या प्रमुखांनी सगळ्यांसमोर बाही वर करावी. सर घेतात हे पाहिल्यावर मागे राहणारी मुलं फार थोडी असतात.

वेळही नेमकी साधायला हवी. पाश्चात्त्य पुस्तकांतला ऑक्टोबर आपल्या कामाचा नाही. श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात येतो, पण बहुतेक भारतात त्याचा भर जून ते सप्टेंबर असतो. दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये हेच मांडून भारताच्या बहुतांश भागासाठी एप्रिल ते जून हा लशीचा काळ सुचवला. मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला येतो, महाराष्ट्रात आठवड्याभराने. लशीचा गुण यायला दोन आठवडे लागतात. अधिष्ठात्यांनी मे महिन्याचे पहिले तीन आठवडे यासाठी राखून ठेवावेत, आणि वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनी येत्या मे महिन्यात त्यांना फोनवर एवढंच विचारावं, "लस घेतलीस का?"